मागावरच्या खुणा

आमच्या घरात कुठलीच गोष्ट हळू आवाजात होत नाही. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐकू येत नाही. अगदीच येत नाही असं नाही, पण जे येतं त्याचा काही उपयोग नसतो. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "अवो, भाजी कंची करू?" आणि भिंतीपलीकडून शेजारच्या काकू उत्तर देतात, "वांगी करा की." आमची भिंत आणि त्यांची भिंत एकच आहे. माझे बारावीचे मार्क, आईचं पोटाचं दुखणं, मला बघायला येऊन परत न फिरकलेला तो मुलगा, सगळं गल्लीला आमच्याइतकंच ठाऊक आहे. आम्ही काही लपवत नाही, कारण लपवता येतच नाही.

आप्पांचं लहानपण मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरांमागं गेलं. शाळा त्यांनी पाहिली ती बाहेरूनच. सही करतात, पण तीही चित्र काढल्यासारखी, जीभ बाहेर काढून. त्या काळी म्हणे गळ्यातल्या घंटेच्या आवाजावरून त्यांना कळायचं, कुठलं मेंढरू कळप सोडून चाललंय. मग ते सोलापुरात आले, टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभे राहिले, आणि त्या खडखडाटात तेच कान गेले. कारखान्यात जवळजवळ सगळ्यांचेच जातात, कुणाचे थोडे, कुणाचे पार. त्याला कुणी आजार म्हणत नाही.

एका शिबिरात त्यांना कानाचं मशीन मिळालं होतं. त्यातून पंख्याचा आवाज कारखान्याएवढा यायचा, म्हणून त्यांनी ते चार दिवस लावलं आणि देव्हाऱ्यापाशी ठेवून दिलं. पुढं खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी पोटापाण्याची सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजतात. आईनं टॉवेलच्या कडा शिवायची तिची मशीन पुसली, आप्पांची धागा कापायची कात्री मांडली, माझे ब्रश आणि छापासाठी लिनोची मऊ लादी कोरायच्या कोरण्या मांडल्या, आणि कानाचं मशीनही मांडलं. मशीन ते मशीन. सगळ्यांवर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. त्यानंतर ते मशीन कधीच बोललं नाही. मी आईवर चिडले, तर ती म्हणाली, "पूजा केली की गं, शिव्या न्हाय दिल्या." डॉक्टरांनी नंतर सांगितलंच की आता मशीनचा फार उपयोग नाही, आतली नसच गेली आहे. तरी त्या पिवळ्या झालेल्या मशीनकडं बघून मला अजून राग येतो.

मी चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आम्हाला एक पुस्तक करायचं होतं, सगळं हातानं: कोरायचं हातानं, छापायचं हातानं, शिवायचं हातानं. विषय ज्याचा त्यानं आणायचा. मी आधी मोबाइलवर बघून बघून पक्षी काढत होते, सोलापुरात कुणी न पाहिलेले. एके दिवशी आप्पा डबा विसरले आणि तो पोचवायला मी कारखान्यात गेले.

दारातच थांबले. आत इतका आवाज होता की पोटात हादरे बसत होते. आणि त्या आवाजात माझे आप्पा गप्पा मारत होते. घरात "व्हय" आणि "न्हाय"च्या पलीकडं न जाणारा माणूस इथं एका टोकाला उभा राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाची डाव्या हातानं चेष्टा करत होता. त्यानं हातानंच उलट काहीतरी म्हटलं आणि मधले चौघं पोट धरून हसले. आप्पाही हसले. त्यांना असं हसताना मी घरात पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला जळफळाट झाला. आम्ही घसा फोडून ओरडतो त्या माणसाशी, आणि हा इथं एवढा बोलका.

पक्षी त्याच दिवशी उडाले. मी आप्पांना म्हटलं, म्हणजे ओरडले, "मला त्या खुणा शिकवा."

"घरात करायची गोष्ट न्हाय ती," आप्पा म्हणाले. "मुक्यावानी दिसतंय."

"कॉलेजचं काम हाय," मी ओरडले. भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या, "शिकवा की वो, पोरगी एवढं म्हंतीय तर." ते काही आप्पांना ऐकू गेलं नाही, पण कॉलेजचं काम म्हटल्यावर ते नाही म्हणत नाहीत.

संध्याकाळी दाराच्या कट्ट्यावर आमची शिकवणी सुरू झाली. करंगळी हलवली की धाग्याची कांडी संपली. दोन बोटं फाकवली की धागा तुटला. मूठ पान्यासारखी फिरवली की जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलवा. पंजा पालथा करून हळूच खाली दाबला की मशीन बंद. मनगट वळवलं की कुठलं? मग बोटानं त्या मागाकडं दाखवायचं. बशी धरल्यासारखी बोटं तोंडाजवळ नेली की चहा. आणि मिशीवरून बोट फिरवलं की मालक आला. आताच्या मालकांना मिशी नाही. ती त्यांच्या वडिलांना होती. ते जाऊन बरीच वर्षं झाली, मिशी मात्र खुणेत राहिली.

सगळ्या खुणा डाव्या हातानं. मागावरचा माणूस उजवा हात कापडावरून उचलत नाही. आप्पांना तर कान गेल्यापासून माग कसा चाललाय ते त्या हातावरूनच कळायचं.

ते दिवस आमचे फार मजेत गेले. आप्पा कामावरून आले की मी लांबूनच विचारायची, चहा? ते करंगळी हलवायचे: संपलोय. आई आतून तावातावानं बाहेर आली की आप्पा गंभीर चेहरा करून मिशीवरून बोट फिरवायचे. आईला कळायचं नाही आम्ही का हसतो. कळलं तेव्हा तिनं लाटणं उगारलं आणि आप्पांनी पंजा पालथा करून खाली दाबला. मशीन बंद. एकदा तर ती शेजारी गेली असतानाही त्यांनी मिशीची खूण करून मला फसवलं. आम्ही दोघं एवढं कधीच बोललो नव्हतो. आवाज न करता बोललेलं गल्लीला कळत नव्हतं, हे तर आणखीनच छान होतं.

मी लिनोचे तुकडे आणून आप्पांचे हात कोरले. उजवा हात मागावर, डावा हवेत. काळी शाई फासली, टॉवेलच्या गठ्ठ्यांवर गुंडाळून येणाऱ्या कोऱ्या कापडाचे तुकडे वर ठेवले आणि आईच्या पळीच्या पाठीनं घासून छाप काढले. पहिला छाप उचलला आणि कपाळावर हात मारला. लिनोत उजव्याचं डावं होतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. खुणांची नावं मी आठवणीनं उलटी कोरली होती. हात तेवढे सुलटे कोरले. आता प्रत्येक छापात डावा हात मागावर आणि उजवा हात हवेत.

सरांना पुस्तक आवडलं. ते म्हणाले, हातांत जीव आहे, उजवं-डावं कुणाच्या लक्षात येणार? पुन्हा कोरायला वेळही नव्हता. मी तसंच शिवून टाकलं.

आप्पांनी कट्ट्यावर बसून एकेक पान उलटलं. मालकाच्या मिशीपाशी हसले. मग उजव्या हातावर बोट ठेवून म्हणाले, "ह्याचा उजवा हात मोकळा कसा काय? मशीन बंद पडल्यासारखा." मी त्यांना लिनोची भानगड ओरडून सांगायचा प्रयत्न केला. ते "व्हय व्हय" म्हणाले, म्हणजे काही कळलं नव्हतं. पण ते पुस्तक त्यांनी आल्यागेल्याला दाखवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, मालकांचा फोन आईला आला. आप्पांना फोन करून उपयोग नसतो. आईनं ऐकलं, दोनदा "बरं" म्हणाली आणि शिलाई मशीनपाशी बसून राहिली. आदल्या दिवशी आप्पांच्या मागात आडवा धागा नेणारा धोटा अडकून आपटत होता, टॉवेल फाटत चालला होता, आणि आप्पा शेजारी उभे राहून दुसऱ्या मागाकडं बघत होते. दुसऱ्या कामगारानं पळत येऊन माग थांबवला होता. मालक म्हणाले, काल टॉवेल फाटला, उद्या हात जाईल, मी कुणाला काय तोंड दाखवू? उद्यापासून त्यांना पाठवू नका. मला स्वतःला त्यांना सांगता आलं नाही, तुम्ही सांगा.

"कसं सांगू गं?" आई मला म्हणाली, तेही हळू आवाजात.

हाच तर प्रश्न होता. लिहून दाखवावं तर त्यांना वाचता येत नाही. ओरडून सांगावं तर त्यांच्या आधी काकूंना कळणार, आणि काकूंना कळलं की गल्लीला. नवऱ्याचं काम सुटल्याचं बायकोनं ओरडून सांगायचं, आणि गल्लीनं ते ऐकायचं. आणि नाही सांगितलं तर ते सकाळी डबा घेऊन जाणार, आणि सगळ्यांसमोर दारातून परत येणार.

आईनं प्रयत्न केला. त्यांच्यासमोर बसून, ओठ मोठे हलवत, आवाज न काढता बोलली. जेवण, चहा, अंघोळ एवढं आप्पांना ओठांवरून कळतं. बाकी ते अंदाजानं घेतात. ते तिच्या तोंडाकडं लक्ष देऊन बघत राहिले, "व्हय व्हय" म्हणाले, उठले, आणि उद्याचा शर्ट इस्त्रीला काढून ठेवला. आई त्या शर्टाकडं बघून रडायला लागली. मग माझ्याकडं बघितलं.

"तुला येतंय की ते हाताचं," ती म्हणाली.

मला नको होतं. मला त्या खुणा यासाठी नको होत्या. मी तिला म्हटलं, माझ्यानं नाही होणार, कारखान्यातल्या कुणाला बोलव, मालकांनाच बोलव. तिनं पदरानं डोळे पुसले. इस्त्री तापत ठेवून आप्पा कट्ट्यावर जाऊन बसले होते. मी गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

डावा हात वर केला. मिशीवरून बोट फिरवलं: मालक.

आप्पांनी पटकन दाराकडं बघितलं. दारात आई उभी होती. ते हसले, मिशीवरून बोट फिरवलं आणि मला डोळा मारला.

मी नाही म्हणून मान हलवली. कारखान्याच्या दिशेला बोट केलं, पुन्हा मिशी, आणि पंजा पालथा करून हळूच खाली दाबला. मशीन बंद.

आता त्यांचा चेहरा बदलला. कामाचा झाला. त्यांनी मनगट वळवलं: कुठलं? कुणाचं तरी मशीन बंद पडलंय, सुट्टीच्या दिवशी मालकानं बोलावलंय, जावं लागेल, असं त्यांना वाटलं असावं. ते चपलेकडं बघू लागले.

मी बोट त्यांच्याकडं केलं.

त्यांनी वळून पाठीमागं बघितलं. पाठीमागं भिंत होती. पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी बोट खाली घेतलं नाही.

मला त्यांना सांगायचं होतं की आप्पा, यात तुमचं काही चुकलं नाही. सांगायचं होतं की मी आहे, आई आहे. पण त्या खुणांत कांडी होती, धागा होता, जॉबर होता, चहा होता. दुसरं काहीच नव्हतं. मी तिथं हात वर करून नुसती उभी होते, आणि भिंतीपलीकडं काकू भांडी घासत होत्या, त्यांना कशाचा पत्ता नव्हता.

आप्पांनी माझ्या बोटाकडं बघितलं. मग त्यांनी हात उचलला आणि बशी धरल्यासारखी बोटं तोंडाजवळ नेली. चहा.

आई आत गेली. मी तिथंच होते, म्हणून मला दिसलं. त्यांनी उजवा हात उचलला होता.