पूजेत राहिलेली डबी

ज्यांच्या पिशवीत सेफ्टी पिन, डोकेदुखीची गोळी, सुईदोरा आणि सुतळीचा तुकडा कायम तयार असतो, अशा बायकांचा मला राग येतो. शाळेत नोकरी करत असताना माझ्याबरोबर अशी एक बाई होती. कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला की ती लढाई जिंकल्यासारखी पिशवी उघडायची. सगळ्या तिचं कौतुक करत. मी मात्र अनवाणी घरी जाईन पण हिच्याकडे मागणार नाही, असा हट्ट धरून बसे. त्या बिचारीचा काही दोष नव्हता. दोष एका चपट्या पत्र्याच्या डबीचा होता, आणि ती डबी भरायला मी स्वतः हात लावलेला होता.

वडिलांना मी अण्णा म्हणायचे. ते तारखात्यात लाइनमन होते. रुळांच्या कडेने आणि खाडीकाठच्या खाजणातून तारेचे खांब गेले होते, त्यातले मुंब्र्यापासून कल्याणपर्यंतचे त्यांच्याकडे असत. आम्ही डोंबिवलीत एका बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहायचो. घरात तिघंच, अण्णा, आई आणि मी. लढाईत अण्णा ब्रह्मदेशात होते. तिथेही काम तारा ओढायचंच. परत आले ते हिवताप, एक खाकी कोट आणि ही डबी घेऊन. तळहाताएवढी, कोणा गोऱ्याच्या सिगारेटची, रंग उडालेली.

तिथे ते आणि त्यांचा एक सोबती जंगलात तीन दिवस चुकले होते. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. मी फार खनपटीला बसले तेव्हा एकदाच म्हणाले, "दोघं होतो. डबी एकाकडेच होती." मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यापुढे मी विचारणं बंद केलं.

पाऊस संपला की घट बसायच्या आधीच्या रविवारी अण्णा डबी उघडायचे. पावसाळ्यात आत दमट झालेलं सगळं टाकून नवं भरायचं, हा त्यांचा नेम. ओटीवर वर्तमानपत्र पसरायचे, आणि मी समोर बसून ते मागतील ती वस्तू त्यांच्या हातात द्यायची. आधी आगकाड्या. मेणबत्ती पेटवून प्रत्येक काडीचं डोकं वितळलेल्या मेणात बुडवायचं आणि वाळत ठेवायचं, म्हणजे पाण्यात पडली तरी काडी पेटते. काडेपेटीची घासायची पट्टी वेगळी कापून मेणकागदात. मग अर्धं ब्लेड. सुई आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळलेला काळा दोरा. हिवतापाच्या दोन गोळ्या. मिठाचा खडा. पेन्सिलीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि घडी केलेला कोरा कागद. शेवटी सापासाठीचं सामान, म्हणजे पाय आवळून बांधायला नाडी, आणि पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ती जांभळी पूड, चिमूटभर, पुडीत. चावलेल्या जागी ब्लेडने चीर द्यायची, रक्त वाहू द्यायचं आणि वर ही पूड दाबायची, असं त्यांना फौजेत शिकवलं होतं. ते मला इतक्यांदा सांगून झालं होतं, की शाळेतल्या पाढ्यांपेक्षा मला ते चांगलं येत असे.

सगळं बसलं की उरलेल्या फटीत कापूस कोंबायचा, झाकण लावायचं, सायकलच्या ट्यूबची पट्टी वरून चढवायची आणि डबी कानाशी धरून हलवायची. वाजली तर पुन्हा उघडायची. जे वाजतं ते हलतं, आणि जे हलतं ते ऐन वेळी सापडत नाही, असं अण्णा म्हणत. मग ते डोळे मिटून डबी उघडत आणि नुसत्या बोटांनी ब्लेड काढून दाखवत.

आई आतून हे सगळं बघत असायची. देव तारी त्याला कोण मारी, असं ती मुद्दाम मोठ्याने पुटपुटायची. त्यावर अण्णा म्हणायचे, देवाला एवढ्या जणांकडे बघायचं असतं, थोडं ओझं आपण उचलावं. अण्णांनी देवाला कधी नावं ठेवली नाहीत, पण हातही जोडले नाहीत. संकष्टीला जेवून मोकळे व्हायचे. आईला ते लागायचं. चेष्टेत बोलायची, पण लागायचं, हे मलासुद्धा दिसत होतं. असं असूनही त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशाला आतून काज करून बटण तिनेच लावून दिलं होतं, डबी पडू नये म्हणून.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी मी अकरा पूर्ण केली होती. रविवारी डबी भरताना नाडी जुनी झालेली निघाली, म्हणून मी माझ्या नव्या परकरातली ओढून दिली. आईचा धपाटा बसला, पण अण्णांनी ती डबीत ठेवली. आता ही डबी निम्मी तुझी, म्हणाले. मी दोन दिवस चाळीत सगळ्यांना सांगत हिंडले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असे. अण्णांची घरची पक्कड, हातोडी, आईची कात्री, विळी, माझी पाटी. आईला पुरण घालायचं होतं, म्हणून त्या वर्षी पूजा मी मांडली, पहिल्यांदाच. पाटावर खण घातला, हत्यारं ओळीने ठेवली, गंध लावलं, झेंडू वाहिले. मग खुंटीवरच्या सदऱ्यातून डबी काढली आणि मधोमध ठेवली. अण्णांचं खरं हत्यार तेच, असं मला वाटलं. तिला सगळ्यांत मोठं फूल वाहिलं. आणि पूजेला लावलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हे काही कोणी मला सांगायला नको होतं. कात्री पूजेत असली की आई त्या दिवशी चोळीच्या बटणाचा दोरासुद्धा कापत नसे.

सुटीचा दिवस होता, तरी नऊच्या सुमाराला ऑफिसचा शिपाई आला. दिवा स्टेशनच्या पुढे खाजणात खांब कलला होता आणि तार तुटली होती. अण्णांनी सदरा चढवला. पक्कड-हातोडी पूजेत आहेत म्हटल्यावर, राहू दे, ऑफिसात दुसरी आहेत, म्हणाले. मग सवयीने खिसा चाचपला, तो रिकामा. त्यांनी पाटाकडे पाहिलं आणि डबीकडे हात नेला.

मी त्यांचं मनगट धरलं. "अण्णा, उत्तरपूजेआधी हलवायची नाही. मी मांडलीय पूजा."

ते क्षणभर थांबले. रागावले असते तर मी सोडलं असतं, ते रागवायचे तेव्हा मी घाबरत असे. पण ते हसले. डबीवरचं फूल थोडं सरळ केलं आणि म्हणाले, "बरं बाई. एक दिवस देवाकडे असू दे."

आई विहिरीवर पाण्याला गेलेली होती. मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले आणि परत येऊन पूजेसमोर बसले. पूजा अगदी मनासारखी झाली होती.

बाकीचं मला त्यांच्या कामावरच्या जोडीदाराकडून कळलं. तो दिव्याच्या बाजूच्या गावातला, वयाने अण्णांहून मोठा. मिठागरात काम करणाऱ्या घरातला, खाजणाची वाट न् वाट ठाऊक असलेला. तार जोडून झाली होती. परत निघताना गवतात अण्णांच्या घोट्याला घोणस चावली. जोडीदाराने आपला पंचा फाडून पाय बांधला, अर्धी वाट त्यांना पाठीवर घेतलं, दिवा स्टेशनात मालगाडी थांबवायला लावली आणि संध्याकाळच्या आत कल्याणला दवाखान्यात आणून घातलं. यापेक्षा जास्त कोणा माणसाने काय करावं? दसऱ्याला सकाळी अण्णा गेले. घरी पूजा तशीच होती. उत्तरपूजा करायची कोणाला आठवण झाली नाही.

आमची आत्या कल्याणला राहायची. अण्णांहून बारा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेली, त्यामुळे अण्णांना हिनेच वाढवलेलं. बालविधवा, तिचं मूल म्हणाल तर अण्णाच. चौथ्या दिवशी जोडीदार भेटायला आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. तो खाली बघत सांगत होता. पाय बांधल्यावर अण्णांनी काय केलं, असं आत्याने विचारलं.

"दोनदा खिशान हात घातला त्यानी," तो म्हणाला. "मंग हसला. बोलला, आज डबी देवाला वायलीय."

आत्या ताठ झाली. खोलीत आम्ही चौघंच होतो. तिने आईकडे पाहिलं आणि विचारलं, "देवापुढे डबी कोणी ठेवली?"

मी बोलणार होते, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी बोलणार नव्हते. मी खांबाआड सरकले.

"मी ठेवली, वन्सं," आई म्हणाली.

त्या दिवसापासून आत्याने आईला माफ केलं नाही. दर दसऱ्याला ती पहाटेच्या गाडीने येई, अण्णांच्या फोटोला हार घाली, जेवायला बसे, आणि पहिल्या घासाआधी शांतपणे म्हणे, डबी खिशात असती तर आज माझा भाऊ पाटावर असता. आई खाली मान घालून वाढत राही. आई तेव्हा शिवणावर घर चालवत होती. डोळे लाल, बोटं सुयांनी भोसकलेली. मी मात्र भात कालवत बसे. आईने माझ्यासाठी खोटं सांगितलं, हे मला समजत होतं, आणि समजत होतं म्हणूनच मी आईशी तुसड्यासारखी वागे. ज्याने आपल्याला झाकलं त्याच्याकडे बघवत नाही. निदान मला तरी बघवलं नाही.

अशी आठ वर्षं गेली. मी ठाण्याला शिक्षिकांच्या वर्गाला जाऊ लागले. तिथे प्रथमोपचार शिकवायला एक वयस्कर डॉक्टर येत. एका दिवशी त्यांनी सर्पदंश घेतला. चीर देऊ नका, म्हणाले. घोणसेच्या विषाने रक्त गोठत नाही, चीर दिली तर माणूस वाहून जाईल. करकचून बांधू नका. लस टोचणं हा एकच उपाय, आणि तीही वेळेत मिळाली तर. मी उभी राहिले आणि जांभळ्या पुडीचं विचारलं.

"ती विहिरीत टाका, बाई," ते म्हणाले. "माणसात नको."

वर्गात हशा पिकला. मी खाली बसले आणि वहीत ते वाक्य लिहून घेतलं.

घरी आले तेव्हा आई मशीनवर होती. मी चप्पल न काढताच तिला सगळं सांगितलं. डबी असती तरी काही झालं नसतं. उलट वाईट झालं असतं. ब्लेड, नाडी, पूड, सगळं फुकट. आईने मशीन थांबवलं. चाकावर हात ठेवून तिने ऐकून घेतलं. मग मला राहवलं नाही. आठ वर्षांचं एका दमात ओकले. डबी मी ठेवली होती, अण्णा उचलत होते, मी हात धरला, मी उचलू दिली नाही.

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

जोडीदाराचं ऐकून तिने अंदाज केला असेल, असं मला वाटलं. मी तसं म्हटलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

"मी मागच्या दारात होते. कळशी घेऊन. तू हात धरलास तेव्हा मी बोलू शकले असते. घेऊ दे गं त्यांना, एवढंच म्हणायचं होतं." तिने मशीनवरचं कापड सरळ केलं. "पण मी म्हटलं नाही. एवढ्या वर्षांत एकदा तरी त्यांनी माझ्या देवाचं ऐकलं, म्हणून मला बरं वाटलं. मी भिंतीला लागून उभी राहिले, ते जाईपर्यंत. म्हणून वन्संना मी म्हटलं ते काही अगदीच खोटं नव्हतं."

मी रडले. आई रडली नाही. मी म्हटलं, या दसऱ्याला आत्या येईल तेव्हा डॉक्टरांचं तिला सांगू, संपवून टाकू हे सगळं. आईने धाग्याचं टोक ओलं करून सुईत ओवलं, मग बोलली.

"नको. ब्लेड आणि नाडीने काही झालं नसतं, असं कळलं तर त्या काय करतील? आज त्यांना निदान कोणावर तरी रागावता येतं. ते तेवढं राहू दे त्यांना."

दसऱ्याला आत्या आली. हार घातला, पाटावर बसली, म्हणायचं ते म्हणाली. मी तोंड उघडलं, आणि आईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने माझ्या पानात भात वाढला, मला नको असताना.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आत्या गेली. शेवटपर्यंत तिचा आईवर राग होता, आणि आईने तिच्या तेराव्याला आलेल्या माणसांनाही काही सांगितलं नाही. मीही नाही. डबी अजून माझ्याकडे आहे. त्या खंडेनवमीनंतर ती कोणी उघडलेली नाही. कधीतरी कपाट आवरताना हातात येते, मी ती कानाशी धरून हलवते, आणि ती वाजत नाही.