हिरेवाल्याची लेक आणि पेन्सिलकाका

जन्मभर बोलके ससे आणि रडके ढग काढून पोट भरलेल्या पेन्सिलकाकांच्या वाट्याला पन्नाशीनंतर श्रीमंत पोरं आली. नव्या कार्टून मालिकेत जहाजमालकाचे जुळे मुलगे होते, हॉटेलवाल्याचा आळशी वारस होता, सदा रुसलेली एक गायिका होती आणि या सगळ्यांना बोटावर नाचवणारी हिरेवाल्याची सतरा वर्षांची लेक होती. ती लेक म्हणजे मालिकेचा जीव, आणि ती काढायचं काम काकांकडे! घरी काकांनी असा काही रुबाब केला, की जणू हिऱ्यांची खाण त्यांच्याच नावावर झाली होती.

काकांची पद्धत जुनी. टेबलावर आरसा ठेवायचा, पात्राचं सोंग स्वतः करायचं आणि दिसेल ते कागदावर उतरवायचं. सशांनी कधी तक्रार केली नव्हती. पण कागदावरची हिरेवाल्याची लेक काकांसारखीच खोलीतून निघताना दिवा बंद करू लागली. शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून ती खळखळ हलवू लागली.

दिग्दर्शिका वयाने काकांच्या निम्मी. ती हसू दाबत म्हणाली, "काका, हिच्या बापाच्या खाणी आहेत. बाटलीच्या तळाशी काय उरलंय, याचं हिला काय पडलंय? सोमवारपर्यंत बघा. नाहीच जमलं, तर ही दुसऱ्या कुणाला देते, तुम्ही गर्दी काढा."

गर्दी! म्हणजे पाठमोरी, नाकडोळे नसलेली माणसं. काकांच्या पायाखालची जमीन सरकली.

मग घरात श्रीमंतीची तालीम सुरू झाली. काकांनी ओला टॉवेल ऐटीत जमिनीवर फेकला आणि बायकोने नुसतं बघितल्यावर निमूट उचलला. दिवे जळत ठेवले, तर जीव कासावीस. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रविवारी संध्याकाळी ते हिरमुसून आरशासमोर बसले.

बायकोने चहा आणून दिला. स्वतःचं पडलेलं तोंड न्याहाळत काकांनी तो संपवला आणि रिकामा कप बाजूला धरला. मान वळवली नाही, की तोंडातून शब्द काढला नाही. आरशात त्यांना दिसलं, की बायको हातातलं काम टाकून लगबगीने आली आणि कप घेऊन गेली.

कप कुणीतरी घेणारच, याबद्दल त्या हाताला तिळमात्र शंका नव्हती. काकांना स्वतःची लाज वाटली, पार कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. उठून बायकोमागे जावं असंही वाटलं. पण चित्रकाराची जातच मेली निर्लज्ज. त्यांनी आधी पेन्सिल उचलली.

सोमवारी पडद्यावर हिरेवाल्याच्या लेकीने आरशात बघत कोट काढला आणि मागे न पाहता नुसता धरला. मोलकरीण धावत आली. सगळे खदखदून हसले.

"काय अस्सल माज आहे!" दिग्दर्शिका म्हणाली. "गर्दीबिर्दी विसरा, ही तुमचीच. पण कुठे पाहिलंत हो काका, असं लाडावलेलं कार्टं?"

"आमच्याकडेच आहे," काका म्हणाले. "एकावन्न वर्षांचं."