दिलीपच्या पोथीतली ओवी

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका बर्फाळ चौकीवर होती. मी सिग्नलचा हवालदार, राहणार देवळी. काम एकच. रेडिओ सेट चालू ठेवायचा आणि दर अर्ध्या तासाने चेक घ्यायचा. माझा जोडीदार नायक दिलीप भोयर, समुद्रपूरचा. आईने दिलेली पोथी त्याच्या किटमध्ये असायची. रोज सकाळी चहाआधी तो त्यातला एकच अध्याय वाचायचा, तोही मोठ्याने. आमची झोपमोड ठरलेली. त्यात एक ओवी होती: हाक मारणाऱ्याचं देव ऐकतो, त्याला एकटं सोडत नाही. तिथे आला की तो माझ्याकडे बोट दाखवायचा.

"देव बी ऑपरेटरच हाय, दादा. चोवीस घंटे ड्युटी."

त्या दिवशी सकाळी सातला पाच जणांची गस्त निघाली. रेडिओ दिलीपकडे. त्याच्या हँडसेटमध्ये खरखर होती, म्हणून मी माझा चांगला त्याला दिला आणि खरखरणारा ठेवून घेतला. साडेनऊचा चेक ओके. नऊ अठ्ठेचाळीसला बर्फ सुटला. दिलीपला घेऊन खोल घळीत गेला. वर उरलेल्या चौघांचे दोर तिथवर पुरेनात.

"चार्ली, धिस इज चार्ली वन. घळीत पडलो. कमरेपर्यंत बर्फात. हाऊ डू यू हियर मी? ओव्हर."

मी बटण दाबलं. काहीच गेलं नाही. हँडसेट नेमका तेव्हाच मुका झाला. ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. फील्ड टेलिफोनवरून खाली बेसला कळवलं. नऊ पंचावन्नला रेस्क्यू पार्टी निघाली. हे दिलीपला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. बॅटरी बदलली. वायर दातांनी सोलली. सेटला शिव्या घातल्या.

त्याने सहा वेळा विचारलं. मग चार्ली वगैरे कॉल साइन सोडून दिले आणि घरच्यासारखा बोलायला लागला.

"दादा, तू ऐकून राह्यला, मले मालूम हाय. उत्तर नाई आलं तरी चालते. उठून नको जाऊ."

घराबद्दल बोलला. आईबद्दल बोलला. मग ती ओवी म्हणाला. दहा एकतीसला आवाज थांबला. पार्टी दहा चाळीसला पोचली.

नऊ मिनिटं.

पोथी त्याच्या आईने मला दिली. पेन्शनवर आल्यापासून रोज वाचतो आणि रोज त्या ओवीपाशी डोकं फिरतं. माझा सेट बिघडला होता. देवाचा काय बिघडला होता? लोक सांगतात, श्रद्धा ठेवा. दिलीपने ठेवली होतीच की! चिडून पोथी मिटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो, आणि याचाही राग येतो.

दरवर्षी त्याच्या तिथीला एसटीने समुद्रपूरला जातो. त्याची माय वाती वळत बसते, मी तोच अध्याय वाचतो. ती ओवी गाळतो. यंदा तिने हात थांबवला.

"ते काऊन सोडून राह्यला रे? मले पाठ हाय ते."

आजवर मी तिला एवढंच सांगत आलो होतो की दिलीप लगेच गेला, त्रास झाला नाही. त्या दिवशी खोटं बोलायचा कंटाळा आला. सगळं सांगितलं. हँडसेट, घळ, त्रेचाळीस मिनिटं. ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शेवटलोग ऐकलं तू?"

"हो, माय."

"उठून नाई गेला?"

"नाई."

"मंग एकटा नोता तो." तिने वात पुन्हा हातात घेतली. "वाच आता."

माझा राग गेलेला नाही. त्या नऊ मिनिटांचा जाब मी देवाला विचारणारच आहे. पण दिलीपला माझ्याकडून एक शब्दही पोचला नव्हता, तरी त्याने मला ऐकणारा मानलं. आणि तो चुकला नव्हता. मी तिथेच होतो, आणि पार्टी निघालेली होती.

नायक दिलीप भोयर, समुद्रपूर. त्याची ओवी मी वाचली, तो वाचायचा तशी, मोठ्याने.