माल तिकडं, वजन इकडं

यमुनाताई गेल्याची बातमी आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर आली, हात जोडलेल्या चित्रासकट. खाली भराभर सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. एक तर बातमी टाकणाऱ्या संतोषनं याआधी एका धडधाकट सरांना श्रद्धांजली वाहिली होती. आणि दुसरं म्हणजे, एकाच तोंडून आलेलं खरं मानायचं नाही, हे मला यमुनाताईनंच शिकवलं होतं. मी तिला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मग तिच्या नवऱ्याला लावला. "ताप होता," एवढंच तो म्हणाला आणि पुढं बोलेना. जीपवाला म्हणाला कावीळ. मोखाड्याच्या बाजारात एकीनं सांगितलं, दाभोशाच्या धबधब्याकडून येताना घसरून पडली. तीन तोंडं, तीन मरणं… खोटं कशाला बोलू, मला तेव्हा आशा वाटली. एका गणिताची तीन उत्तरं येत असतील तर दोन तरी चुकलेलीच असणार, आणि कोण जाणे, तिन्हीही चुकलेली असतील. त्या आशेवर मी पुढचे काही दिवस काढले.

आमची ओळख झाली तीसुद्धा संशयातूनच. जव्हारच्या कॉलेजात मी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. पहिल्याच चाचणीत गणितात ज्यांचे दिवे लागले त्यांच्यासाठी कॉलेज सुटल्यावर वेगळा वर्ग सुरू झाला. त्याचं नाव 'उपचारात्मक वर्ग'. नाव ऐकून आम्हाला वाटलं, आता सुईच टोचतात की काय. तिथं दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन एक तिशी ओलांडलेली बाई बसलेली असायची, केव्हाही उठून जाईल अशी. तू कुठली, बाप काय करतो, हे सर कुठून आले, त्यांना पगार कोण देतं, असं ती एकेकाला विचारत असे. मला वाटलं, ही नक्कीच कोणीतरी आमच्यावर नजर ठेवायला बसवलेली आहे. मी तिला गाव खोटं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाय, तू मोखाड्याची हायस. खोटं कशाला बोललीस? पन बरं केलंस. अनोळखी मानसाला खरं सांगूच नये." तिथून आमची जी गट्टी जमली ती जमलीच.

ती वांगणी गावची सून. बारावी होऊन लग्न झालं, मग शेत, दिवाळीनंतर सगळ्या घरासोबत वीटभट्टी, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा कॉलेज. सोपं म्हणून सगळे आर्ट्सला जातात, तू कॉमर्स का घेतलंस, असं मी विचारलं तर म्हणाली, "सगळेच पास व्हतात तिथं. मंग त्यात काय तरी गडबड असंल." देवरे सर नाशिककडचे, तासावर शिकवणारे, आणि हा जादा वर्ग ते फुकट घेत होते. झालं, हे तर तिच्या दृष्टीनं मोठंच कारस्थान! "फुकट कोन काय देत नाय. हा मानूस पुढं काय तरी मागनार." सरांनी शेवटपर्यंत काही मागितलं नाही. तरी तिचं म्हणणं, अजून मागितलं नाही एवढंच.

एक्सवर तर तिचा पहिल्या दिवसापासून राग. तीन एक्स अधिक पाच बरोबर वीस, तर एक्स किती? ती उठून उभी राहिली. "सर, ज्यानं हे गनित लिवलं त्याला एक्स माहीत हाय ना?" सर म्हणाले, हो, असणार. "मंग तो आपल्याला कशाला इचारतो? आन माहीत असून लपवतो कशाला?" वर्ग हसला, पण माझ्याही मनात तेच होतं. सरांनी मग फळ्यावर तराजू काढला. समीकरण म्हणजे तराजू, दोन्ही पारडी सारखी, इकडून पाच काढले तर तिकडूनही पाच काढायचे. जगात कुठंही हा दाखला मुलांना लगेच पटत असेल. आमच्याकडं तो कोणालाच पटला नाही. आमच्यापैकी प्रत्येकानं आईबापाबरोबर बाजारात वरई नाहीतर खुरासणी विकलेली होती, आणि तराजू म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढं व्यापाऱ्याचं बोट येत होतं, पारड्याखाली चिकटवलेलं मेण येत होतं. दाराजवळून आवाज आला, "काटा कोनाचा हाय, सर?"

देवरे सर हुशार माणूस. ते रागावले नाहीत. खडू ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, बाजारात काट्याचा संशय आला तर तुम्ही काय करता?" सगळा वर्ग एकदम ओरडला, "पारडी बदल म्हनतो!" म्हणजे माल होता तिथं वजन ठेवायचं आणि वजन होतं तिथं माल. काटा खरा असेल तर बदलूनही सरळच राहतो. सर म्हणाले, "मग इथंही तसंच करा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. उत्तर आलं की ते एक्सच्या जागी परत घालून बघा. दोन्ही बाजू जुळल्या तरच माना. याला ताळा म्हणतात." यमुनाताईनं एक्सच्या जागी पाच घातले. तीन पाचे पंधरा, अधिक पाच, वीस. तिनं पुन्हा एकदा घातले. मग पहिल्यांदाच पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

तिथून तिला ताळ्याचं वेडच लागलं. वजा गुणिले वजा अधिक होतं हे सरांनी सांगून तिला पटेना. मग तिनं त्याचाही ताळा मांडला: पाचातून दोन गेले तीन, पाचातून तीन गेले दोन, दोन्हींचा गुणाकार तीन दुणे सहा. आता हेच कंस उलगडून करायचं: पंचवीस, वजा पंधरा, वजा दहा, आणि शेवटी ते वजा दोन गुणिले वजा तीन. त्याचे अधिक सहा धरले तरच उत्तर सहा येतं. जव्हारच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत तिनं हे मातीत काडीनं लिहून पाहिलं, आणि कोणी चोर पकडून दिल्यासारखी माझ्याकडं बघून म्हणाली, "बसतंय. हा मानूस खरं बोलत व्हता."

पण परीक्षेला घड्याळ असतं. सरांनी घेतलेल्या सराव परीक्षेत तिनं लिहिलेलं प्रत्येक गणित बरोबर होतं, आणि निम्मा पेपर कोरा. प्रत्येकाचा ताळा, मग ताळ्याचा ताळा! "ताई, एकही चूक नाही, आणि तुम्ही नापास," सर म्हणाले. ती हसली नाही. सासूनं तिला बजावूनच पाठवलं होतं, "एक डाव जा. नापास झालीस तं दिवाळीनंतर गुमान भट्टीवर चल." सासूलाही संशयच, की ही जव्हारला शिकायला जाते की भटकायला. हे सारं तिनं मला त्या दिवशी स्टँडवर सांगितलं. मी तिच्या उलट, भरधाव गणितं सोडवायचे आणि अर्धी चुकवायचे. मग आम्ही ठरवलं. तिनं ताळा एकदाच करायचा, तोही मनात, आणि मी एकदा तरी करायचा. जीप येईपर्यंत आम्ही एकमेकींवर पहारा ठेवायचो. ती दुसऱ्यांदा पडताळायला लागली की मी तिच्या हातातली काडी काढून घ्यायचे. "सोडवत नाय गं," म्हणायची. नजरेसमोरून चोर सोडून दिल्याचं दुःख व्हायचं तिला.

आम्ही दोघी पास झालो. मोबाइलवरच्या निकालावर तिचा विश्वास बसेना, म्हणून जव्हारला जाऊन फलकावरचा नंबर बघितला आणि वर शिपायाकडून वाचूनही घेतला. त्या दिवाळीनंतर घरची सगळी भट्टीवर गेली आणि ती वांगणीत म्हाताऱ्या आजेसासूजवळ राहिली. पुढं पदवी झाली. मोखाड्याला मुलींच्या एका वसतिगृहात धान्य-किराणा बघायचं काम मिळालं. चोराच्या हाती नाही, चोर पकडणारीच्या हाती किल्ल्या गेल्या! माल आणून टाकणारे तिच्या नावानं बोटं मोडायचे. आठवडी बाजारात सुकटवाला भाऊ तर तिला लांबून बघूनच मान हलवायचा. त्यानं इलेक्ट्रॉनिक काटा आणला तेव्हा ती म्हणाली, "ह्याला तं एकच पारडं. बदलू काय?" शेवटी बिचाऱ्यानं तिच्या एकटीसाठी जुना तराजू पोत्याखाली ठेवून दिला.

शेवटी मी वांगणीला गेले. तिन्ही मरणांचा ताळा करायला, असं म्हणते. खरं तर ती दारात दिसेल म्हणून. दारात सासू होती. मला बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि मला कळायचं ते कळलं. पडली वगैरे काही नव्हती. ताप होता, डोळे पिवळे झाले होते. मोखाड्याला रक्त तपासलं, डॉक्टर म्हणाले, आजच नाशिकला हलवा. आणि ही उठून बसली. "एका रिपोर्टावर कसं मानायचं?" नवऱ्यानं हात जोडले. ही जव्हारला गेली, दुसरीकडं रक्त दिलं, रिपोर्टासाठी रात्रभर तिथंच थांबली. "दुसराबी तसाच आला, बाय," सासू म्हणाली. "दोनी सारखं." नाशिकच्या वाटेवरच तिनं डोळे मिटले.

मला तिचा इतका राग आला की तिच्या घरचं पाणीही मला गोड लागेना. काडी काढून घ्यायला कोणी नव्हतं का तिथं? नंतर मी मोखाड्याच्या डॉक्टरांना विचारलं, त्याच दिवशी नेलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, आजार फार पुढं गेला होता. ते खरं बोलले की माझं तोंड बघून बोलले, याचा मला अजून संशय आहे. आणि हे असं आहे की परत घालून बघता येत नाही… ज्या खोडीनं तिला भट्टीपासून वाचवलं तिनंच तिला नेलं, असं लिहून टाकलं तर लेख छान संपेल. पण मला ते उत्तरही पटत नाही. नुसतं मानणारी यमुनाताई जगली असती, तर ती कोण असती?

गेल्या बाजारी मी सुकट घ्यायला गेले. भाऊनं विचारलं, "ताई नाय आल्या?" मी सांगितलं. वर इलेक्ट्रॉनिक काटा होता, त्यावर त्यानं माझी सुकट ठेवलीही होती. ती त्यानं उचलली. पोत्याखालून जुना तराजू काढला, एका पारड्यात वजन, एका पारड्यात सुकट. काटा सरळ झाला. मी पिशवी पुढं केली, पण त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. माल तिकडं घातला, वजन इकडं घातलं, आणि बोट लांब धरून काटा थांबायची वाट बघत राहिला.