बिघाडाचं कारण

ब्रश विसरला होता म्हणून मी परत वर गेले. दार उघडंच होतं. मॅडम देवघरासमोर उभ्या होत्या. एका हातात टॅब, पाच मिनिटांपूर्वी मी दुरुस्त करून दिलेला. दुसऱ्या हातात गोमूत्राची बाटली. शिंपडत होत्या. आधी काचेवर, मग पाठीवर, मग कडेकडेने. जिथे जिथे माझी बोटं लागली होती तिथे तिथे. मग ओल्या फडक्याने पुसलं.

त्यांनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत. लाजल्या तर अजिबात नाहीत. म्हणाल्या, "अगं, देवघरातली वस्तू आहे ना."

मी म्हणाले, "हो."

हो म्हणाले मी. ब्रश उचलला नि जिना उतरले. त्या बाईपेक्षा त्या दिवशी मला माझीच जास्त किळस आली.

हैदराबादच्या कोठी भागातल्या एका दुकानात मी मोबाईल आणि टॅब दुरुस्त करते. सहा वर्षं झाली. म्हातारी माणसं दुकानात येत नाहीत, त्यांच्या घरी जायचं काम माझ्याकडे. दुकानाच्या मालकांना सगळे भाई म्हणतात. त्या महिन्यात भाई मला मायक्रोस्कोपच्या टेबलावर बसवणार होते. बोर्डाचं बारीक काम तिथे होतं, आणि आमच्या दुकानात त्या टेबलावर आजवर एकही बाई बसलेली नाही. अट एकच. महिनाभर एकही रिपीट नको. रिपीट म्हणजे दुरुस्त केलेली वस्तू त्याच तक्रारीने परत येणं. तीन आठवडे माझा रकाना कोरा होता. घरी आईला रोज सांगायचे, आता सात दिवस राहिले, आता सहा.

मॅडम विद्यानगरच्या. घराणं मराठवाड्यातलं, जमीनजुमलावालं. निजामाच्या काळात वाडवडील इकडे आले, पुढे नोकऱ्या लागल्या, फ्लॅट झाला. मॅडम स्वतः कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झालेल्या. टॅब मुलाने कधीकाळी दिलेला, कडेला चेपलेला. रोज पहाटे त्यावर स्तोत्रं लागायची. आता आवाज बंद. देवच मुका झाला होता त्यांचा.

त्या दिवशी पहिल्यांदा वर गेले तेव्हा दारात मी तेलुगूत बोलले. तेवढ्यात आईचा फोन आला, तिच्याशी मराठीत दोन शब्द बोलले. मॅडमचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "मराठी आहेस? मग मॅडम काय म्हणतेस, काकू म्हण." खुर्ची दिली. चहा टाकते म्हणाल्या. हैदराबादेत मराठी कशी मरत चाललीय, नातवाला साधी पाटी वाचता येत नाही, यावर एक लेक्चर झालं. मग आडनाव विचारलं. सांगितलं. गाव विचारलं. सांगितलं. मग गावात घर नेमकं कुठल्या बाजूला. तेही सांगितलं. हा तिसरा प्रश्न कशासाठी असतो ते आमच्यातल्या शाळकरी पोरांनाही कळतं.

चहा राहिला तो राहिलाच. दाराशी पेपर अंथरला गेला. "इथे खाली बसून कर हं, उजेड चांगला आहे." उजेड खिडकीपाशी होता. टॅब त्यांनी माझ्या हातात दिला नाही. पेपरवर ठेवला आणि मागे सरकल्या. मी खुर्ची सोडून खाली बसले. कुणी ढकललं नव्हतं. पेपर दिसला आणि पाय आपोआप दुमडले.

काम सोपं होतं. आवाज पूर्ण वाढवलेला. सायलेंट नव्हता. ब्लूटूथ बंद, म्हणजे आवाज दुसरीकडे कुठे जात नव्हता. बंद करून चालू केला. माझा इअरफोन लावला तर त्यात स्तोत्र खणखणीत. इअरफोन काढला तरी वर इअरफोनची खूण तशीच. टॅबला वाटत होतं इअरफोन लावलेलाच आहे, म्हणून स्पीकर गप्प. इअरफोनच्या भोकात उजेड पाडून बघितलं तर आत हळदकुंकू गच्च. दसऱ्याला मशीनची पूजा करतात, या बाईंनी टॅबला भोकापर्यंत पुजलं होतं. ब्रशने कोरून काढलं, फुंकर मारली, खूण गेली. देव बोलायला लागला. बिघाडही पूजेचा, हे मी त्यांना बोलले नाही. मला वाटलं, वाईट वाटेल त्यांना. काय काळजी घेतो आपण यांच्या मनाची!

ते शिंपडणं पाहिलं त्या संध्याकाळी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "आमच्या टायमाला अंगावर शिंपडायचे, माय. आता टॅबवर शिंपडतात. सुधारले म्हणायचे." आणि हसली. खरंच हसली. मला त्या बाईचा आला नव्हता एवढा राग त्या हसण्याचा आला. आयुष्यभर हे गिळून हसायला शिकलेली माझी आई. आणि मी "हो" म्हणून आलेली. आमच्या दोघींत फरक तो काय राहिला? त्या रात्री मी जेवले नाही.

चौथ्या दिवशी दुकानात मॅडमचा फोन. आवाज परत बंद. तुमच्या मुलीने बिघडवलाय. भाईंनी पोऱ्या पाठवून टॅब मागवला आणि माझ्यापुढे ठेवला. इअरफोनमध्ये आवाज नीट. खूण नाही. म्हणजे या वेळी स्पीकरच गेला होता. पाठ उघडली. स्पीकरच्या पायांवर हिरवा गंज, जाळीत पिवळट खार सुकलेला. वास सांगायला नको. मुतात मीठ असतं, ते तांबं खातं. गाईचं असलं तरी खातं.

आमच्याकडे प्रत्येक वस्तूचं कार्ड असतं. त्यात बिघाडाचं कारण लिहायचं, गिऱ्हाइकाने वाचून सही करायची, मग वस्तू मिळते. पाण्याने बिघडलं असेल तर आम्ही इंग्रजीत दोन शब्द लिहून मोकळे होतो. हे कार्ड मी मराठीत भरलं. मराठी मरतेय म्हणून गळा काढणाऱ्या बाईला वाचायला काहीतरी मिळायला हवं ना. लिहिलं, "टॅब दुरुस्त झाल्यावर गिऱ्हाइकाने त्यावर गोमूत्र शिंपडले. दुरुस्त करणाऱ्या बाईचा विटाळ काढण्यासाठी. त्याने स्पीकर गंजला."

मॅडम स्वतः आल्या, रिक्षाने. काउंटरवर आणखी गिऱ्हाइकं होती. कार्ड वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाल्या, "हे काय लिहिलंयस? मी जातपात मानत नाही. चाळीस वर्षं शिकवलंय मी. ते स्वच्छतेसाठी होतं."

मी विचारलं, "मुलगा सुट्टीत येऊन टॅबला हात लावतो, तेव्हाही शिंपडता का, मॅडम?"

मॅडम भाईंकडे वळल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "इसको बोलिए माफी मांगे. और ये लाइन काटे."

भाईंना मराठी येत नाही. मी त्यांना सांगितलं काय लिहिलंय ते. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग मान खाली घातली. माणूस वाईट नाही. पण धंदा आहे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सॉरी बोल के छोड दे बेटा. बुड्ढी है. वो लाइन काट दे, मैं रिपीट तेरे नाम पे नई लगाता."

"नई काटती, भाई."

"फिर मायक्रोस्कोप कू भूल जा."

"भूल गई."

सांगताना सोपं वाटतं. सहा वर्षं मी त्या टेबलाकडे बघत आले होते. पण खोडलं असतं तर मी पुन्हा "हो" म्हणाले असते, या वेळी सगळ्यांसमोर आणि स्वतःच्या अक्षरात. मॅडमनी सही केली नाही. भाईंनी सहीशिवायच सोडलेला टॅब तसाच उघडा, पिशवीत घालून घेऊन गेल्या. जाताना मला "अगं" नाही म्हणाल्या. टेबलावर दुसरा माणूस बसला. त्याचं काम माझ्यापेक्षा कच्चं आहे, भाईंनाही माहीत आहे.

रिपीट माझ्या नावावर लागला. लागू दे. कार्डही फाइलला लागलं आहे, सहीशिवाय, माझ्या शब्दांसकट. ते मी कुणाला काढू देत नाही.

घरी जायची कामं अजून मीच करते. आता मी आधी टेबल मागते. टेबल मिळालं नाही तर बॅग उघडत नाही. आडनाव, गाव, वस्ती, तिन्ही न विचारता सांगून टाकते, त्यांचा वेळ वाचतो. काम झालं की वस्तू खाली ठेवत नाही, हात पुढे करते आणि त्यांचा हात येईपर्यंत उभी राहते. म्हणते, "हे माझ्या हाताने दुरुस्त झालंय. हात चालत नसेल तर आत्ताच सांगा. होतं तसं बिघडवून देते." आजवर सगळ्यांनी मुकाट्याने हात पुढे केला आहे. ज्या दिवशी कुणी करणार नाही, त्या दिवशी मी खरंच बिघडवून देणार आहे.