साखरेच्या बेटावरचं रॉकेट

दातांत साखरेचा खडा धरल्याशिवाय आयविनला कॉफी जात नसे. डेन्मार्कमधल्या आमच्या लोलंड बेटावर बरेच म्हातारे अशीच पितात, पण आयविनचा थाट निराळा. खडा धरायचा, डोळे मिटायचे आणि मग घोट. मी उभा जन्म रंगमंचावर काढला, राजे केले, खुनी केले. इतका रंगून घोट घेणारा नट मात्र पाहिला नाही.

हयातभर तो बिटाच्या साखर कारखान्यात कढयांवर होता. निवृत्त झाल्यावर इथे लोक गुलाब लावतात. यानं जुन्या सोबत्यांना गोळा करून रॉकेटचं मंडळ काढलं. साखर आणि फटाक्यांच्या दारूतला सोरा एकत्र वितळवून नळीत ओतायचा, गार झाला की इंधन तयार. "आपल्या बेटाची साखर आकाशात जाणार!" असं म्हणताना त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा.

पहिलं रॉकेट जागेवरच फुटलं. दुसरं शेतकरी होल्गरच्या गोठ्याच्या छपराइतकं चढलं आणि फुटलं. साखर वितळायला ताव फार लागतो, तेवढ्यात ती तांबूस पडते आणि गार झाली की काचेसारखी तडकते. तडकलेलं इंधन एकदम पेटतं, नळी फाटते. मंडळात हे सगळ्यांना कळत होतं. पण ज्या बेटावर घरं, शाळा, लग्नं साखरेवर उभी राहिली, तिथे "साखर बदलूया" म्हणणार कोण?

होल्गरनं उड्डाणांसाठी शेत फुकट दिलं होतं. तो म्हणाला, "आयविन, गाई बिथरून दूध देईनात. आता पुन्हा फुटलं, तर वसंतात इथे बीट पेरतो. तुम्ही दुसरं शेत बघा."

दुसरं शेत कोण देणार होतं? मंडळ संपल्यातच जमा होतं.

त्या दुपारी मी आयविनच्या स्वयंपाकघरात होतो. त्याची बायको टोवे हिला मधुमेह. तिनं आपल्या बिनसाखरेच्या गोळ्यांची पुडी त्याच्यापुढे टाकली.

"यात सॉर्बिटॉल असतं. कमी आचेवर वितळतं, तांबूस पडत नाही, लवकर तडकत नाही. तूच वाचून दाखवलं होतंस मला."

"ती काय साखर आहे? आजाऱ्यांची समजूत आहे ती!"

"म्हणजे मी इतकी वर्षं समजूत चघळतेय? साखर सुटली म्हणून मी मेले नाही, आयविन. तुझं रॉकेटही मरणार नाही."

आयविननं माझ्याकडे पाहिलं. मी कपात तोंड खुपसलं. अशा प्रवेशात तिसऱ्या पात्रानं गप्प बसावं.

"कारखान्यातले सोबती काय म्हणतील?" तो पुटपुटला.

"विचार की!"

त्यानं मंडळात विचारलं. मग क्रेनवाला वेर्नर उठला.

"सुटलो बाबा! कधीपासून सॉर्बिटॉलचं पोतं आणून सरपणामागे दडवलंय. बायको रोज विचारते, यात काय आहे म्हणून!"

हशा असा पिकला की मला माझे जुने प्रयोग आठवले.

उड्डाणाच्या दिवशी होल्गरच्या शेतात झेंडा चढवला, इथे वाढदिवसाला चढवतात तसा. आकडे मोजायचं काम माझ्याकडे. आम्ही सगळे मातीच्या बांधाआड. होल्गर मात्र गोठ्याच्या दारात, हाताची घडी घालून.

"...तीन, दोन, एक!"

फुसफुस झाली आणि शुभ्र धुराची रेघ सरळ वर गेली. छप्पर मागे पडलं, बीचवृक्षांचे शेंडे मागे पडले, चर्चचा कळसही खाली राहिला. आभाळात रॉकेटची नारिंगी हवाई छत्री उघडली तेव्हा म्हातारे शाळा सुटल्यासारखे ओरडत धावले. टोवे सर्वांत पुढे.

आयविननं रॉकेटचं टोक उघडलं. आत कापसात एक साखरेचा खडा होता, आमच्याच कारखान्याचा.

"म्हटलं होतं ना, आकाशात जाणार!" तो म्हणाला. "इंधन नाही, तर प्रवासी म्हणून."

टोवेनं थर्मासमधून कॉफी ओतली. आयविननं तो खडा दातांत धरला, डोळे मिटले आणि घोट घेतला. टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या टाळ्या मला राजा असताना मिळाल्या नाहीत, पण त्या दिवशी माझेच हात सर्वांत जोरात वाजत होते.

होल्गर गोठ्यातून सावकाश चालत आला.

"गाईंनी मानसुद्धा वर केली नाही," तो म्हणाला. "बीट मी पलीकडच्या तुकड्यात पेरीन. पुढचं कधी उडवताय?"