पॅरिसात तीन रात्री, लेकीकडे एकही नाही

बायको गेल्याला सव्वा वर्ष झालं. तिचा पासपोर्ट अजून माझ्या पासपोर्टाला रबरानं बांधलेला आहे. दोन्ही खिशात घालून मी जऊळक्याहून गाडीनं वाशीमला गेलो, व्हिसाचा फॉर्म भरून देणाऱ्याच्या दुकानात. तिचा पासपोर्ट आता कामाचा नव्हता. सोडवला नाही, इतकंच.

पॅरिसचं हे लेकीनं काढलं होतं, आई जिवंत असताना. लेक तिकडेच राहते, पॅरिसहून रेल्वेनं दोन तासांवरच्या गावात. लग्नाला अकरा वर्षं झाली, लेकरू नाही. आमच्यात लेकीला लेकरू होईपर्यंत मायबाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. म्हणून तिनं डोकं लावलं. मायबाप घरी मुक्कामाला येत नाहीत तर नाही, पॅरिसात हॉटेलात उतरतील. हॉटेल काही लेकीचं घर नाही. एक दिवस तो उंच टॉवर, एक दिवस नदीतली बोट, एक दिवस राजाचा महाल, अन् परत. बायको पासपोर्टच्या फोटोला नवं लुगडं नेसून गेली होती. मग दुखण्यानं धरली ती उठलीच नाही.

दुकानात लेक फोनवर होती. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. दुकानवाला तिला विचारून विचारून भरत होता. कोणत्या रात्री कुठे मुक्काम, सगळं लिहावं लागतं. तीन रात्री, तिन्ही हॉटेल.

"काकाजी," तो मला म्हणाला, "पोरगी दोन घंट्यावर राह्यते अन् तुमी हॉटेलात काहून? व्हिसावाले इचारतीन."

"इचारू दे."

"मंग सांगसान काय त्यायले?"

  फोनातून लेकीचा आवाज आला.

"सांगा ना बाबा. सांगा, पोरगी वांझोटी हाय म्हून."

दुकानवाल्याचा हात थांबला. मागं बाकावर बसलेला एक माणूस मोबाईल सोडून माझ्याकडे पाहू लागला.

"चारचौघात असं बोलतात काय वं?" मी म्हणालो.

"मंग कुठी बोलू? घरी त तुमी येत नाई. आई गेली बाबा, माह्या घरचं घोटभर पानी न पेता गेली. तुमी बी तसेच जासान. हॉटेल आज सांजेलोक रद्द करता येते. करून टाकते. टॉवर मी लय डाव पाह्यला. मले नाई दाखवाचा कोनाले."

मला राग आला. फोन बंद करायला हातही गेला. पण तिनं आईचं नाव काढलं होतं.

लग्नानंतर लेक पुण्याला होती तेव्हा आम्ही दोघं एकदा दिवसापुरते तिच्याकडे गेलो होतो. घरूनच भाकरी, ठेचा, पाण्याच्या दोन बाटल्या नेल्या. उन्हाळा होता, दुपारीच बाटल्या संपल्या. लेकीनं आईपुढे गिलास धरला. बायकोनं घेतला, ओठापर्यंत नेला. मी काही बोललो नाही. नुसतं पाहिलं तिच्याकडे. तिनं गिलास खाली ठेवला. "तहान नाई वं मले," म्हणाली. अन् स्टँडवर जाऊन विकतची बाटली एका दमात संपवली.

रीत साऱ्या गावाची असेल. ते पाहणं माझं होतं.

शेवटच्या आठवड्यात तिला पाणी गिळता येत नव्हतं. मी चमच्यानं ओठ ओले करायचो अन् मला तो गिलास दिसायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही.

"खोड ते," मी दुकानवाल्याला म्हणालो.

"काय खोडू?"

"हॉटेल. तिन्ही रात्रीचं. पोरीचा पत्ता लिव."

"अन् पॅरिस?"

"सकाऊन जाऊ, सांजेले घरी येऊ. दोन घंट्याचंच त हाय. महाल राह्यला त राह्यला."

 दुकानवाल्यानं पत्ता विचारला. परत विचारला. फोनातून नुसता नाक ओढल्याचा आवाज येत होता.

"पत्ता सांग त्याले, माय," मी म्हणालो. "अन् मले फ्रिजातलं पानी नको देजो. दात दुखते माह्ये."